वर्षावास करणाऱ्या सर्वांसाठी

पुण्याहून मुंबईकडे जाताना देहूरोड मागे पडले की सोमाटणे फाटा लागतो. तिथून डाव्या हाताला आत वळले की शिरगाव. पवनेच्या खोऱ्यातले, मावळ तालुक्यातले हे गाव. साईबाबांच्या मोठ्या मंदिरामुळे लोक आता त्याला 'प्रति शिर्डी' म्हणतात. गुरुवारी आणि रविवारी तिथे गाड्यांची रांग लागते. आम्ही मात्र त्या रांगेत नव्हतो. आम्ही गेलो होतो मावळचे ऋतू बघायला!

वाचकहो, हसू नका. त्याला कारण घडले ते आमच्या विहारात. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्याकडे घरोघरी आणि विहारा-विहारात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. असेच एकदा वाचन संपल्यावर पाचवीतल्या एका मुलीने विचारले, "वर्षावास म्हणजे पावसात राहायचं ना? मग आपण तर घरातच बसलोय. आपला कसला वर्षावास?" मोठी माणसे एकमेकांकडे बघू लागली. शहरातल्या पावसाने लोकल उशिरा येते, नाला तुंबतो, कपडे वाळत नाहीत, एवढेच आम्हाला ठाऊक. भिक्खूसंघाने तीन महिने चालणे थांबवावे असा हा पाऊस असतो तरी कसा? तेव्हा आम्ही चार-पाच कुटुंबांनी ठरवले, की वर्षभरात चार वेळा मावळात जायचे. शिरगावात एका ओळखीच्या आजींचे घर होते, तिथे टेकायचे आणि तिथून लेणी बघायची. २०२५ च्या वैशाखात आम्ही पहिल्यांदा निघालो.

वैशाख : तापलेली जमीन

पुणे-लोणावळा लोकलने बेगडेवाडीला उतरलो. ऊन असे, की फलाटावर पाय ठेववेना. सह्याद्रीच्या माथ्यापासून पूर्वेला उतरत गेलेला हा मुलूख समुद्रसपाटीपासून साधारण सहाशे मीटर उंचीवर आहे. त्यामुळे विदर्भासारखा उन्हाळा इथे नसतो आणि रात्री वारा सुटतो. तळेगावची हवा तर पूर्वीपासून आरोग्याला चांगली म्हणून नावाजलेली. परमपूज्य बाबासाहेबांचा बंगला तळेगाव दाभाड्यात आहे, तो बघताना हे आठवते. तरीही वैशाखातली दुपार ती दुपारच! डोंगर पिवळे पडलेले, भातखाचरांना भेगा गेलेल्या.

आजींनी मातीच्या माठातले पाणी दिले आणि म्हणाल्या, "बसा बाळांनो. जय भीम. उनाचं कशापायी आलात?" हवा बघायला आलो म्हटल्यावर त्या खूप हसल्या. मग त्यांनीच आम्हाला शेतात नेऊन राब दाखवला. भाताची रोपे जिथे करायची त्या तुकड्यावर शेण, पालापाचोळा, गवत अंथरून ते जाळायचे. तणाचे बी जळते, राख मिळते आणि माती भुसभुशीत होते. त्याला इथे राब भाजणे म्हणतात. हे काम पावसाच्या आत व्हावे लागते. मावळचा शेतकरी मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा अशी नक्षत्रे मोजतो. आम्ही जोतिषावर विश्वास ठेवणारे नव्हेत. पण सूर्याच्या चालीवर बेतलेली ही नक्षत्रे म्हणजे शेतकऱ्याचे कॅलेंडरच आहे. मृग म्हणजे जूनचा दुसरा आठवडा आणि पेरणीची वेळ, एवढा त्याचा अर्थ. त्यात भविष्य काही नाही, पिढ्यांचा अनुभव आहे.

मात्र तो अनुभवही आता चुकू लागला आहे. त्याच मे महिन्यात वळवाने झोडपले आणि २६ मे २०२५ रोजी मोसमी पाऊस पुण्या-मुंबईत येऊन थडकला, म्हणजे जवळजवळ दोन आठवडे आधी! ज्यांचे राब भाजायचे राहिले त्यांची पंचाईत झाली. आजी पुढच्या भेटीत म्हणाल्या, "आमच्या टायमाला पाऊस मिरगात यायचा. आता त्यो कवाबी येतोय, पावण्यावानी."

आषाढ : थांबण्याचा ऋतू

दुसऱ्यांदा गेलो ते आषाढी पौर्णिमेच्या आठवड्यात. या वेळी आधी लोणावळ्यापर्यंत गेलो आणि उलटे शिरगावला आलो. मुलांना पावसाचा भूगोल शिकवायचा असेल तर या लोकलसारखी शाळा नाही. पुणे ते लोणावळा अंतर साधारण चौसष्ट किलोमीटर. पिंपरीला भुरभुर होती. तळेगावला सर आली. कामशेतला खिडक्या लावाव्या लागल्या. मळवलीला तर समोरचे डोंगर दिसेनासे झाले, नुसते पांढरे ओघळ तेवढे दिसत. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर लोणावळ्यात चार हजारांच्याही वर. दीड-दोन तासांच्या प्रवासात पाचपटीहून जास्त फरक!

याचे कारण सोपे आहे. अरबी समुद्रावरून येणारा ओला वारा सह्याद्रीच्या भिंतीला अडतो आणि वर चढतो. वर गेला की थंड होतो आणि त्यातली वाफ पाणी होऊन कोसळते. घाट ओलांडून वारा पूर्वेला उतरला की त्याच्याजवळ देण्यासारखे फारसे उरत नाही. म्हणून पुण्यापलीकडे बारामती, दौंडकडे कोरडा मुलूख लागतो. शिरगाव या दोहोंच्या मधले. इथे घाटमाथ्याइतका पाऊस कोसळत नाही, पण भात पिकण्याइतका नक्कीच पडतो.

हे पाणी पुढे कुठे जाते? घाटमाथ्यावर टाटांनी वळवण, शिरवटा असे तलाव बांधले. त्यांचे पाणी घाटाखाली सोडून खोपोलीचे वीजगृह १९१५ साली सुरू झाले आणि मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर फिरू लागल्या. म्हणजे मावळात पडलेल्या पावसावर परळ-लालबागचे साचे चालत होते! त्याच गिरण्यांत आपल्या बापजाद्यांना विणकाम खात्यात मज्जाव होता, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा म्हणे विटाळ होई. १९२८ च्या संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न धसाला लावला. मावळच्या ढगाने जात विचारली नाही, ती विचारली माणसाने.

पवना नदीवर धरण झाले. तिचे पाणी बंद जलवाहिनीने पिंपरी-चिंचवडला नेण्याच्या योजनेविरुद्ध मावळचे शेतकरी रस्त्यावर उतरले. ९ ऑगस्ट २०११ रोजी बौर येथे द्रुतगती मार्गावर पोलिसांच्या गोळीबारात तीन शेतकरी मरण पावले. आम्ही शहरात नळ सोडतो तेव्हा हे आठवत नाही. पाण्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न २० मार्च १९२७ रोजी महाडला ज्यांनी जगापुढे मांडला, त्यांच्या लेकरांनी तरी तो विसरू नये.

शिरगावच्या शिवारात लावणी चालली होती. बायका गुडघाभर चिखलात वाकून रोपे लावत होत्या. पूर्वी डोक्यावरून पाठीवर पानांचे इरले असे, आता प्लास्टिकचा कागद. आजींनी तरुणपणी याच चिखलात रोजाने लावणी केली. त्या म्हणाल्या, "सांजच्याला पायाच्या बोटांच्या मधी कुजायचं. त्याला आमी चिखल्या म्हनायचो. घरी आलं तर चूल वली, फाटी वली, आन् वरनं गळती." पूर्वीची वस्ती गावाच्या कडेला, ओढ्याच्या सखल अंगाला. उंचावरची कोरडी जागा आपल्या वाट्याला कधी आली नाही. मग त्या एक वाक्य बोलल्या, ते आम्ही लिहूनच घेतले. "पानी समद्यांवर सारखंच पडतं बाबा, पर समद्यांच्या घरात सारखं शिरत न्हाई."

त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर आम्हाला इथे सापडू लागले. विनयपिटकात असे सांगितले आहे, की भिक्खू पावसाळ्यातही चारिका करीत, तेव्हा लोकांनी तक्रार केली. हे हिरवे गवत तुडवतात, बारीक जीव चिरडतात. पाखरेसुद्धा पावसात घरट्यात राहतात, मग यांना काय झाले? तथागतांनी ती तक्रार ऐकली आणि पावसाळ्यातले तीन महिने एका जागी राहण्याचा नियम घालून दिला. सामान्य माणसांच्या बोलण्यावरून संघाचा नियम ठरला, हे लक्षात घ्यावे. त्यातही आजाऱ्याची शुश्रूषा किंवा तसेच निकडीचे काम असेल तर सात दिवसांपुरते बाहेर जाण्याची मुभा ठेवली. नियम आहे, पण करुणेला कुलूप नाही!

आणि थांबायचे तर डोक्यावर छप्पर हवे. घाटमाथ्याच्या चार हजार मिलिमीटर पावसात झाडाखाली कोण राहील? म्हणून इथल्या काळ्या कातळात लेणी कोरली गेली. भाजे, कार्ले, बेडसे आणि शिरगावच्या अगदी जवळची, घोरावडेश्वराच्या डोंगरातली शेलारवाडीची लेणी. त्यांतली भाज्याची लेणी दोन हजार वर्षांहूनही जुनी. एरवी आपण ती कोरीव कामासाठी पाहतो. पण भर पावसात आत उभे राहा, म्हणजे समजते की ती आधी निवाऱ्याची जागा आहे. बाहेर धो धो पाऊस आणि आत कोरडी दगडी खाट! लेण्यांशेजारी पाण्याची टाकी कोरलेली आहेत. शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटले आहे. भाज्याला अशी एक पोढी विण्हुदत नावाच्या महारठीने दान दिल्याचा लेख आहे. चार महिने जे अतोनात पडते ते धरून ठेवायचे आणि आठ महिने वापरायचे, हे शहाणपण मावळात किती जुने आहे पाहा.

हे सारे राजांनीच केले असे नाही. कार्ल्याच्या चैत्याच्या दर्शनी भागासाठी दान देणाऱ्यांत धेनुकाकटचा एक गंधी, म्हणजे अत्तरविक्या, आहे. तिथल्या दाराचे काम केलेला सामी नावाचा सुतार आहे. शेलारवाडीचा लेख वाचून तर आमच्यातल्या बायकांचे डोळे भरून आले. धेनुकाकट इथल्या उसभणक नावाच्या नांगर धरणाऱ्या शेतकऱ्याची बायको सिअगुटणिका, तिने मुलगा नंद याच्यासह इथे लेणे दान दिले! एका शेतकरी बाईने पावसातल्या भिक्खूंसाठी डोंगरात छप्पर करून दिले आणि तिचे नाव दगडावर राहिले. आज त्या डोंगरावरच्या मोठ्या लेण्यात शिवलिंग आहे. पण लेख लेखच राहतो.

कार्ल्यालाच आणखी एक लेख आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने करजिक नावाचे गाव इथल्या लेण्यांना दान दिले. कशासाठी? तर चारही दिशांनी येणाऱ्या संघातल्या, इथे वर्षावास करणाऱ्या सर्वांच्या निर्वाहासाठी. त्या दगडात 'सर्वांच्या' हा शब्द आहे. आम्ही तो मुलांना दोनदा सांगितला.

आश्विन : पिकलेले शेत

तिसरी फेरी आश्विन पौर्णिमेला झाली. त्या दिवशी वर्षावास संपतो आणि भिक्खू एकमेकांपुढे बसून, माझे काही चुकले असेल तर सांगा, असे म्हणतात. त्याला पवारणा म्हणतात. मावळही त्या दिवसांत असाच धुतलेला, निवळलेला असतो. डोंगरउतारावर सोनकी पिवळीजर्द, ओढ्यांचे पाणी नितळ. दुपारी मात्र ऑक्टोबरचा चटका बसतो.

खाचरात भात निसवला होता, काही ठिकाणी पिवळा पडू लागला होता. इथला इंद्रायणी तांदूळ आज घरोघरी माहीत आहे. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रात आंबेमोहोर आणि आयआर ८ यांच्या संकरातून तो तयार झाला आणि १९८७ साली शेतकऱ्यांच्या हाती आला. आंबेमोहोराचा वास आणि संकरित वाणाचे उत्पन्न, दोन्ही त्यात आले. आजींनी नव्या तांदळाचा भात नाही, पण जुन्या इंद्रायणीचा मऊ भात आणि काळ्या वाटाण्याची आमटी वाढली. मुले पातेले खरवडून जेवली.

पण याच दिवसांत शेतकऱ्याचा जीव टांगणीला लागतो. भात कापून शेतात पसरलेला असताना परतीचा किंवा अवकाळी पाऊस आला, तर दाणा काळा पडतो, लोंबीतच कोंब फुटतात. चार महिन्यांचे कष्ट दोन तासांत जातात. पाऊस जगवतो आणि मारतोही. जुलै १९८९ मध्ये याच मावळात भाजे गावावर दरड कोसळली आणि झोपेतली माणसे गाडली गेली. लेण्यांच्या पायथ्याचे ते गाव! जिथे कातळाने माणसाला निवारा दिला, तिथेच डोंगराची माती माणसावर आली.

पौष : धुक्यातली पहाट

चौथ्यांदा आम्ही २५ डिसेंबरला गेलो. मावळची थंडी कोरडी. पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. पहाटे पवनेच्या खोऱ्यात धुके साचते आणि गवतावर इतके दहिवर असते, की चपला भिजतात. ही न फार उष्ण, न फार गार हवा गुलाबाला मानवते. म्हणून तळेगावच्या आसपास गुलाबाची पॉलिहाऊस उभी राहिली आहेत. फेब्रुवारीत परदेशी जाणारी ती फुले तोडायला बायका पहाटे त्या धुक्यातून कामावर जातात. फूल कोमेजू नये म्हणून शीतगृह असते. फूल तोडणाऱ्या हातांना थंडी वाजते, त्याचे काय?

२५ डिसेंबर हा आपल्यासाठी दुहेरी दिवस. १९२७ साली याच दिवशी महाडला मनुस्मृतीचे दहन झाले. आणि १९५४ साली याच दिवशी बाबासाहेबांनी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आलेल्या बुद्धमूर्तीची स्थापना केली. त्याच महिन्यात ते रंगूनच्या जागतिक बौद्ध परिषदेला जाऊन आले होते. नागपूरची धम्मदीक्षा व्हायची होती, त्याला दोन वर्षे अवकाश होता. त्या विहाराच्या अंगणात डिसेंबरच्या गारठ्यात उभे राहिल्यावर घोरावडेश्वराचा डोंगर फार दूर वाटत नाही. दोन हजार वर्षांपूर्वी एका शेतकरी बाईने जिथे लेणे दिले, त्याच्याच पंचक्रोशीत बाबासाहेबांनी पुन्हा बुद्ध आणून बसवला. मधली सारी शतके जणू एक लांबलेला पावसाळा होता आणि आता उघडीप झाली.

निघताना

शेवटी दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली पालकांसाठी. मावळात पावसाळ्यात जरूर जा, पण धबधब्यात उतरू नका. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या मागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी शेलारवाडीजवळच इंद्रायणीवरचा कुंडमळ्याचा जुना लोखंडी पूल त्यावर गर्दी असताना कोसळला आणि चार जण दगावले. वर घाटात पडलेले पाणी खाली यायला वेळ लागत नाही. तुमच्यापाशी ऊन असले तरी ओढा फुगतो. लेण्यांच्या पायऱ्या शेवाळलेल्या असतात, म्हातारी माणसे आणि लेकरे यांचा हात सोडू नका. दुपारच्या आत चढा, उजेडी उतरा. सोबत भाकरी न्या, कागद-पिशव्या परत आणा. आपल्या पूर्वजांच्या दारात कचरा टाकू नका.

दुसरी गोष्ट आपल्या सगळ्यांसाठी. चौथ्या भेटीत आम्ही आजींच्या घराचे पत्रे नीट पाहिले. तीन ठिकाणी भोके, एका कोपऱ्यात भांडे ठेवण्याची जागा कायमची ठरलेली. आम्ही त्यांच्या हातचा भात तीनदा जेवलो होतो, आषाढात त्याच छपराखाली बसून वर्षावासाची चर्चाही केली होती, पण वर पाहिले नव्हते! आम्हाला आमचीच लाज वाटली. परत आल्यावर विहारात बैठक घेतली आणि ठरवले, की दर वर्षी ग्रंथवाचनाचा आरंभ होण्याआधी, वैशाख पौर्णिमा ते आषाढी पौर्णिमा या काळात, आपल्या वस्तीतली आणि आपल्या ओळखीची गळकी घरे हेरायची. कोणी पत्रा द्यावा, कोणी ताडपत्री, ज्याला येते त्याने हात द्यावा. पहिले घर शिरगावच्या आजींचे. आमच्यात एक वेल्डर आहेत, एक सुतार आहेत. कार्ल्याच्या दाराला तरी दुसरे कोण होते?

तो प्रश्न विचारणाऱ्या मुलीला आम्ही हे सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे वर्षावास म्हणजे पावसात राहायचं नाही. कुणी पावसात राहू नये, हे बघायचं."

आमचे ग्रंथवाचन यंदाही आषाढीला सुरू होईल. त्याआधी शिरगावला जायचे आहे, पत्रे घेऊन.